थोरल्या प्लगाचं काय चुकलं

मोटारी हँडल मारून सुरू करत, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या मोटारीचं इंजिन तापलं, की कॉइल ठिणगी देईनाशी होई आणि मोटार बंद पडे. अंतोन मिस्त्री येईपर्यंत सगळं गार होई. मग कॉइल झकास ठिणगी दाखवी.

"थोरले, तोंड किती काळं झालंय तुमचं," कॉइल चार प्लगांतल्या सगळ्यात जुन्याला म्हणाली. "तुमच्यामुळेच होतं हे."

"ठिणगीच पोचत नाही, असं वाटलं होतं बाई. पण चुकत असेल माझंच."

मिस्त्रीने चारही प्लग गॅरेजच्या दारातल्या भंगारात टाकले, नवे बसवले. गॅरेजसमोरच्या चढावरच इंजिन तापलं आणि मोटार पुन्हा बंद पडली. भंगारातून बघणाऱ्या थोरल्याला वाटलं, दोषातून सुटलो.

"जुन्या प्लगांनी खोड लावून ठेवलीय हिला," मिस्त्री म्हणाला.

थोरल्याला तेही पटलं.