ढोलीबाहेरची सावरी

घाटातल्या रानात रस्ते नव्हते, तेव्हाची गोष्ट. धनेश पक्ष्यांची रीत अशी, की अंडी घालताना मादीने ढोलीत शिरून दार लिंपून घ्यायचं आणि नराने फटीतून फळं भरवायची. सावरी नावाची एक मादी मात्र ढोलीत बसलीच नाही. पिकली उंबरं हुडकण्यातच ती रमली.

"अगं, वय चाललंय! रानभर हिंडणं नरांचं काम," मावशी फटीतून कुरकुरायची.

त्या वर्षी जवळची उंबरं फळलीच नाहीत. नर रिकाम्या चोचीने परतले. सावरीने डोंगरापलीकडे लगडलेलं झाड शोधलं आणि सगळ्यांना तिकडे नेलं.

संध्याकाळी तिने मावशीच्या फटीत उंबर धरलं. मावशीने ते आधी पिल्लाला भरवलं.

"पोरगी झालीय," ती म्हणाली. "पंख फुटले की तुझ्याबरोबर धाडते. ढोलीचं तिचं ती बघेल."