ओरखडा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. माझी शाळा अर्ध्यावर राहिली, शब्दही साधेच येतात.

“म्हणजे तिला आल्या पावली परत पाठवलंस?”

भैरवगिरी बाबांनी मान वर न करताच विचारलं. मठामागच्या वाफ्यात उकिडवे बसून ते वांग्यांच्या बुडाशी माती खुरपत होते. ऊन कलत होतं.

“पाठवलं,” त्यांचा शिष्य दयाळगिरी म्हणाला. “सख्खी बहीण, बाबा. म्हणाली, आई जायला टेकलीय, तुझंच नाव घेतेय, एकदा डोळा भरून बघू दे तिला. मी म्हटलं, संन्याशाला कुठली आई?”

“मग?”

“मग काय... मनगट धरून ओढायला लागली. शेवटी नखांनी ओरखडलं, हे बघा.” त्यानं हात पुढे केला. लाल रेघा उमटल्या होत्या. “म्हणाली, मुडद्या, दगडसुद्धा उन्हानं तापतो रे!”

“आणि तू?”

“हललो नाही. राग नाही, माया नाही. आत काहीसुद्धा वाटलं नाही, बाबा.”

एवढं बोलून तो थांबला. इतकी वर्षं तो एकाच शब्दासाठी झिजला होता. गुरूनं एकदा म्हणावं, पोरा, पोचलास.

बाबांचं खुरपं चालतच होतं...

मातीवर काहीतरी लाल ठिबकलं.

“बाबा, रक्त!”

“कुठं?”

“तुमच्या बोटाला! केवढं चिरलंय!”

बाबांनी हात डोळ्यांजवळ आणला. महारोगानं त्यांची बोटं केव्हाच बधिर झाली होती. मठात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“खरंच की,” ते म्हणाले. “काहीसुद्धा वाटलं नाही बघ.”

दयाळगिरीनं अंगावरच्या भगव्या छाटीची चिंधी फाडली आणि बोट बांधायला घेतलं. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मला वैद्यानं सांगितलं, हा रोग आहे... तुला कुणी सांगितलं, हे वैराग्य आहे?”

दयाळगिरीनं कशीबशी गाठ मारली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आरतीला आला नाही, जेवायलाही उठला नाही. आईकडे गेलं तर वैरागी म्हणून इतक्या वर्षांचं नाव जात होतं. तेवढ्यासाठी तो रात्रभर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोळी खांद्याला लावून तो वाफ्यापाशी येऊन उभा राहिला.

“येतो, बाबा.” पाय मात्र निघेनात. “आई... असेल ना?”

बाबा खुरपं घेऊन पुढच्या झाडाकडे सरकले.

“काल होती.”