सदोबा तांबटाची तिसरी शांती

केवलगीर महाराजांचा मुक्काम त्या वर्षी उंबरगव्हाणच्या मठात होता. रोज सकाळी अंगणात शांतिपाठ होई. शेवटी ‘शांतिः’ तीनदा. महाराज सांगत, “पहिली आभाळातून येणाऱ्या संकटासाठी, ती मोठ्यानं. दुसरी माणसांच्या, जीवजंतूंच्या त्रासासाठी, ती हळू. तिसरी आपल्याच मनातल्या आगीसाठी. ती मनातच.”

सदोबा तांबटाला यातले काही ऐकू येत नसे. तीस वर्षे हंडे ठोकून कान गेले होते. महाराजांनी त्याचा तळवा आपल्या छातीवर ठेवून त्याला पाठ शिकवला होता. तिसऱ्या शांतीवर सदोबाचा फार जीव. ती कुणालाच ऐकू येत नाही. तेवढ्यापुरता तो चारचौघांसारखा होई. गावात त्याला बसायला दुसरी जागा उरलीच नव्हती.

पण मनात म्हटलेली ती शांती त्याच्या नकळत तोंडावाटे खणखणीत बाहेर पडे, आणि अंगण हसे.

विद्वान अच्युतशास्त्र्यांनी मठातल्या पिंपळाखाली शांतियज्ञ मांडला. महाराज म्हणाले, “शास्त्रीबुवा, वर आग्या मोहोळ आहे. जागा बदला.”

“मंत्राच्या धुरानं माशाही पावन होतात, महाराज,” शास्त्री म्हणाले आणि सदोबाकडे वळले. “ऊठ रे ठोक्या. तुझ्या शांतीनं देव दचकतात. फाटकाबाहेर हो. उद्यापासून येऊच नकोस.”

बोट आणि हसरी तोंडे पाहून सदोबा समजला. घोंगडी उचलून बाहेर जाऊन बसला.

धूर वर गेला. माशा पावन झाल्या नाहीत.

माणसे सदोबाला तुडवत पळाली. शास्त्री सोवळ्यात पाय अडकून कुंडापाशी आपटले. पडू दे, असे सदोबाच्या मनात आले. खोटे कशाला सांगा. मग तो आत धावला, शास्त्र्यांवर घोंगडी टाकली आणि स्वतः वर पालथा पडला. पहिली शांती म्हटली. दुसरी म्हटली. तिसरीला आत जळत होते ते विझले, आणि ओठ मिटलेलेच राहिले.

डोळे उघडले तर अंगावर एक डंख नाही. लांब पडवीत बसलेल्या महाराजांकडे एकही माशी फिरकली नव्हती. त्यांची पाठ मात्र डंखांनी फुगली होती. ती पाहून सदोबा रडू लागला.

घोंगडीतून निघालेल्या शास्त्र्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, “माझ्याकडे नको. हाकललंत त्याला. तिकडे जा.”

शास्त्री सदोबासमोर येऊन पुटपुटले, “चुकलो.”

“मोठ्यानं बोला, शास्त्रीबुवा. कान गेलेत,” हलणारे ओठ पाहून सदोबा म्हणाला.

“चुकलो,” शास्त्री ओरडले. सदोबाने मान हलवली, ऐकू येत नाही.

तेव्हा शास्त्र्यांनी त्याचा काळा, घट्टे पडलेला तळवा आपल्या छातीवर ठेवला, तिसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत, आणि वाकून त्याच्या पायांवर डोके टेकले.

फाटकात गाव परत जमले होते. कुणी हसले नाही. सगळ्यांची तोंडे सुजली होती.