वीतभर भिंत

एका गावात एक गवंडी राहत होता. लोकांची घरं तो दोन-दोन महिन्यांत उभी करून द्यायचा, पण स्वतःच्या ओसरीची भिंत मात्र पाच वर्षं तशीच ठेवून बसला होता. ही गोष्ट खरं तर त्याच्या बायकोची, कारण ती भिंत रोज बघायची पाळी तिच्यावर आली होती.

भिंत मुळात वाईट नव्हती. गवंड्यानं स्वतः बांधलेली, सरळ आणि गुळगुळीत. बायकोचं म्हणणं एवढंच, की पांढऱ्या मातीचा हात फिरवावा, खालून गेरूची पट्टी ओढावी आणि मोकळं व्हावं. पण गवंडी म्हणाला, "अगं, घर काय आपण रोज सजवतो? आधी चार घरं बघू दे. त्यातलं चांगलं ते उचलू."

चार घरं बघून झाली, मग चाळीस झाली. कामाला जाईल त्या गावी हा लोकांच्या भिंती न्याहाळत फिरायचा. बघितलेलं विसरू नये म्हणून घरी आला की चुलीतला कोळसा घ्यायचा आणि ओसरीच्या भिंतीवर ते काढून ठेवायचा. पाटलाच्या दारावरचा मोर झाला. कोष्ट्याच्या घरची हत्तींची रांग झाली. कुठल्याशा देवळाच्या खांबावरची वेल झाली. जागा संपली तसा तो एकावर एक काढू लागला. हत्तीला मोराचा पिसारा फुटला आणि वेल हत्तीच्या कानात शिरली.

"अहो, ही भिंत आहे की चुलीवरचा तवा?" बायको वैतागून विचारायची.

"हात लावू नकोस! कल्पना आहेत त्या. अजून एक मनासारखी मिळू दे, की लगेच काम काढतो."

एकदा तो बाहेर असताना तिनं माती भिजवली आणि पोतेरं हातात घेतलं. तो नेमका तेव्हाच परतला आणि दोन्ही हात पसरून भिंतीपुढं उभा राहिला. पुढं दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ते दोन दिवस तिला बरे गेले, पण भिंत होती तशीच राहिली.

मग लेकीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील पांढराशुभ्र सदरा घालून भिंतीला टेकून बसले आणि पाठीवर अख्खा हत्ती घेऊन उठले. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसं हसरी निघाली, म्हणून सोयरीक मोडली नाही.

आता त्या भागात एक रीत होती. लेक सासरी निघाली, की उजवा तळवा कुंकवाच्या पाण्यात बुडवायची आणि माहेरच्या दाराशेजारी भिंतीवर त्याचा ठसा उमटवायची. हा ठसा एकदाच, निघताना. नंतर आई येताजाता त्यावरून हात फिरवायची. लेक सासरी गेलेल्या प्रत्येक घराच्या दाराशी असे लाल हात होते. बायकोच्या माहेरी तिचाही होता.

"लग्नाला दहा दिवस उरलेत," बायको म्हणाली. "आता तरी भिंत पांढरी करा. पोरीनं हात कुठं उमटवायचा?"

"करतो ना! नदीपलीकडे एका घराची कमान म्हणे बघण्यासारखी आहे. तेवढी बघून येतो."

तो गेला, चार दिवसांनी आला आणि मोराच्या डोक्यावर कमान काढून मोकळा झाला. मग मांडव आला, पाहुणे आले, हळद झाली, लग्नही लागलं. भिंत राहिली ती राहिलीच.

निघायची वेळ झाली. लेक ओला लाल तळवा घेऊन दाराशी उभी राहिली आणि भिंतीकडे बघू लागली. बोट टेकायला जागा नव्हती.

"बाबा, कुठं लावू?"

बायकोनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं. "मी वीतभर पुसते. सांगा, कुठं पुसू?"

"तिथं नको, मोराची मान जाईल."

"मग इथं?"

"ती कमान आहे! चार दिवस चालून आणलीय."

"मग हा हत्ती पुसते."

"थांब, थांब. जरा विचार करू दे. हत्ती नको, वेल... नाही, वेलही नको. थांब."

त्याची लेकीवर माया नव्हती असं नाही. भरल्या डोळ्यांनीच तो या चित्रावरून त्या चित्रावर बोट नेत होता. लेकीचा हात तसाच उचललेला होता. कुंकवाचे ओघळ कोपरापर्यंत आले आणि तिथंच वाळले. बाहेरून हाक आली, "चला, उजेडात नदी ओलांडायचीय!"

"राहू दे, आई," लेक म्हणाली. तिनं रांजणातल्या पाण्यानं हात धुतला आणि ती गाडीत बसली.

त्याला न विचारता पुसून टाकायला हवं होतं, हे बायकोला गाडी वळल्यावर सुचलं. पुढं तिला त्याच्याइतकाच स्वतःचाही राग येत राहिला.

दोन महिन्यांनी गवंडी लेकीला भेटायला गेला आणि धापा टाकत परत आला. "अगं, मिळाली! मनासारखी भिंत मिळाली! लेकीच्या सासरीच आहे. पांढरीशुभ्र, वर काही म्हणजे काही नाही. फक्त दाराशी एक लाल हात, त्यांच्या लेकीचा. विहीणबाई येताजाता त्यावरून हात फिरवतात. इतकी देखणी भिंत मी कुठंच बघितली नाही. आपणही अगदी तशीच..."

तो मध्येच थांबला.

बायकोनं पांढरी माती भिजवली आणि पोतेरं त्याच्या हातात दिलं. गवंड्यानं मोर पुसला, कमान पुसली, हत्तींची रांग पुसली. दिवस मावळायच्या आत भिंत स्वच्छ पांढरी झाली.

"बघा, दाराशेजारी केवढी जागा आहे," बायको म्हणाली. "आता हात कुणाचा लावायचा, तेवढं सांगा."

तात्पर्य: घर सजवायला हव्या तेवढ्या भिंती बघून याव्यात, पण आपलं माणूस हात उचलून दाराशी उभं असेल, तेव्हा बघणं थांबवून आधी त्याला जागा करून द्यावी.