माहेरी न गेलेल्या काठ्या

फार जुन्या काळी, जेव्हा राज्यातल्या प्रत्येक गावाला एक हिरवा माळ होता, तेव्हा तिथल्या लहानथोरांना एकाच खेळाचे वेड होते. काठीने चेंडू मारायचा आणि दूरच्या खळग्यात पाडायचा. लांबचे फटके कुणीही मारी. कसोटी लागे ती खळग्याजवळच्या शेवटच्या हळुवार टोल्याची.

त्या टोल्यासाठी नावाजलेले खेळाडू वेगळी काठी बाळगत. धामणीच्या लवचिक लाकडाचा दांडा आणि पितळेचे डोके. तशी काठी घडवणारा कारागीर राज्यात एकच होता.

त्याची एक रीत होती. काठी देताना तो तिला कुंकवाचे बोट लावी आणि खेळाडूला सांगे, "आजपासून ही तुमच्या घरची. पण हंगाम संपला की माहेरी आणा."

काठी माहेरी आली की तो तिच्यावरून अंगठा फिरवी. दांडा कुठे घामाने काळवंडला, पितळेला कुठे पोचा पडला, हे पाही. मग डोके वितळवून त्याच पितळेची, त्याच हातासाठी नवी काठी घडवी. जुन्या काठीतली उणीव नवीत नसे.

एकदा राज्यातला एक सरदार त्याच्या भट्टीपाशी आला. गाजलेल्या खेळाडूची काठी आगीत जाताना पाहून त्याच्या काळजात चर्र झाले.

"अहो, एवढी देखणी वस्तू! जाळता कशाला?"

"जाळत नाही, सरकार. पुढे नेतो," कारागीर म्हणाला.

सरदाराला ते पटले नाही. त्या काठ्यांवर त्याचा खरोखर जीव जडला होता. त्याने चंदनी कपाटांचे एक दालन बांधले आणि दर हंगामाअखेर खेळाडूंच्या काठ्या मागतील त्या किमतीला विकत घेऊ लागला. त्याची स्वतःची मुलगी साऱ्या राज्यात अव्वल खेळायची. तिचीही काठी त्याने कौतुकाने मधल्या कपाटात ठेवली.

खेळाडू थट्टा करत. "सरकार, तुम्ही तर खाष्ट सासू झालात! सुनांना माहेरी धाडायचं नाव नाही."

"इथे त्यांना कमी काय आहे?" सरदार हसून म्हणे. "रोज चिंचेनं न्हातात, तेलानं माखतात!"

कारागिराने एकदा दालनात येऊन विनवले, "निदान पाहू तरी द्या." त्याने हात पुढे केला, तोच सरदार म्हणाला, "लांबूनच हं. घामाचे डाग पडतात."

कारागीर परतला. पुढच्या काठ्या त्याने अंदाजाने घडवल्या, त्यापुढच्या अंदाजावरच्या अंदाजाने. चेंडू खळग्याच्या काठावर थबकू लागले. आधी लोक खेळाडूंना हसले, मग खेळाडू काठ्यांना शिव्या देऊ लागले. काहींनी खेळ सोडला.

सरदाराची मुलगी लागोपाठ हरली. ज्या सामन्यासाठी ती लहानपणापासून झटली होती, तो आता तोंडावर आला होता.

"आबा, ही काठी माझ्या हाताला ओळखतच नाही," ती म्हणाली.

"एवढंच ना? तुझी जुनी घे." सरदाराने मधले कपाट उघडले.

तिने काठी धरली. पुन्हा धरली. दांडा गुळगुळीत होता, पितळ आरशासारखे लखलखत होते. तिच्या बोटांनी पाडलेल्या खोलगट खुणा नोकरांनी घासून सपाट केल्या होत्या.

"आबा, माझा हात कुठे गेला यातला?"

सरदाराने सगळ्या काठ्या गाड्यांत भरल्या आणि मुलीला घेऊन कारागिराचे घर गाठले. "सगळ्या माहेरी आणल्यात," तो म्हणाला. "हव्या तेवढ्या वितळवा. पण हिच्यासाठी एक घडवा."

कारागिराने मुलीची काठी मांडीवर घेतली. अंगठा डोक्यावरून फिरवला, दांड्यावरून फिरवला. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. त्याचे डोळे भरून आले.

"उशीर झाला, सरकार. या काहीच बोलत नाहीत. सासरी काय सोसलं, काय शिकल्या, सगळं पुसून टाकलंत तुम्ही."

"मी तर जपलं हो त्यांना," सरदार पुटपुटला.

मुलगी अंदाजाने घडवलेली ती परकी काठी घेऊनच सामन्यात उतरली. शेवटच्या टोल्याने चेंडू हलकेच घरंगळला, खळग्याला वळसा घालून पुढे गवतात थांबला. त्या दिवसानंतर तिने काठी हाती धरली नाही. कारागीर थकला आणि त्याच्यामागे ती विद्या कुणाकडे उरली नाही. हळूहळू माळांवर गवत वाढले आणि खळगे बुजले. आपली मुलगी कधीतरी तिथे खेळली होती, हे सरदाराला लोकांना सांगावे लागे. ऐकणाऱ्यांना तो खेळ कसला, हेही ठाऊक नसे.

तात्पर्य : जी कला वापरातून शिकते, तिला नुसते जपणे म्हणजे तिला मुकी करणे.