केरोबाचा लेप आणि तिसरा शेरा

एका गावात केरोबा नावाचा गुरांचा वैद्य राहत होता. तो नुसता गोठ्यापुढून गेला तरी आजारी म्हशी अदबीने उठून उभ्या राहत. निदान केरोबा तरी तसे सांगे.

एका साली गुरांना लाळ-खुरकताचा रोग आला. तोंडाला फेस, खुरांना जखमा. केरोबाने बाभळीची साल आणि हळद वाटून लेप केला, तीस बैलांच्या आणि गायींच्या खुरांना लावला. बारा दिवसांत तीसच्या तीस गुरे चालू लागली. केरोबाने सगळे लिहून राजाकडे पाठवले.

त्या राज्यात एक रीत होती. नवे औषध राजाच्या पोथीत चढण्याआधी तीन जाणकार ते वाचून शेरे लिहीत. कोणता शेरा कोणाचा, हे सांगत नसत. वैद्याने प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यायचे, ते पटले तरच नोंद.

केरोबाला तीन शेरे आले. पहिला: "उत्तम!" दुसरा: "साल किती, हळद किती, ते लिहावे. अक्षर सुधारावे." तिसरा: "ही गुरे लेपाविना बरी झाली नसती कशावरून? काही गुरे लेप न लावता वेगळी बांधून पाहा. मग बोलू."

केरोबा उसळला. "हा सटवाजी! पलीकडच्या गावचा वैद्य. माझ्यावर जळतो मेला!"

त्याची बायको मंजुळा म्हणाली, "अहो, कोणी का असेना. विचारलंय काय, ते बघा की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"गोठ्यात जागा आहे, एवढं कळतं. बारा दिवसांचं तर काम."

पण केरोबा उत्तर लिहायला बसला. इतके लिहिले, की शाई संपली आणि काजळीसाठी गल्लीतले सगळे दिवे खरवडावे लागले. त्यात सटवाजीचे खानदान होते, त्याचा लंगडा घोडा होता. शेऱ्याचे उत्तर तेवढे नव्हते. पोथीच्या कारकुनाने ते परत केले. म्हणाला, "वैद्यबुवा, सटवाजी कोण ते आम्ही विचारलं नव्हतं."

केरोबा रागाने शेजारच्या राजाकडे गेला. तिथली पोथी मोठी सैल होती. नारळ ठेवला की नोंद. केरोबाचे नाव गावोगाव झाले.

दोन वर्षांनी रोग पुन्हा आला. पूर्वी लोक आजारी गुरे वेगळी बांधत. आता म्हणाले, "लेप आहे की! कशाला वेगळं बांधायचं?" लेप लावून सगळी गुरे एकाच गोठ्यात राहिली. मोठी जनावरे बारा दिवसांत उठली. वासरांना मात्र तो रोग झेपला नाही. एकट्या केरोबाच्या गावात चाळीस वासरे गेली. गायी हंबरत राहिल्या, पान्हा सोडीनात.

नदीपलीकडच्या वाडीत लेप पोचलाच नव्हता. तिथे लोकांनी आजारी गुरे जुन्या रीतीने दूर बांधली होती. केरोबा तिथे गेला. तिथलीही मोठी गुरे बाराच दिवसांत उठली होती, आणि वासरे अंगणात उड्या मारत होती.

तो तसाच सटवाजीच्या दारात गेला. "सटवाजीराव, तुमचा शेरा ऐकला असता तर आज..."

सटवाजी ओशाळला. "माझा? अरे, मी तर 'उत्तम' लिहिलं होतं. वाचलं कुठं मी? म्हटलं, केरोबाशी भांडण नको."



केरोबा शेजारच्या राजाकडे गेला. नोंद खोडा म्हणाला. तिथला कारकून म्हणाला, "आमच्याकडे लिहायची रीत आहे, खोडायची नाही."

मग केरोबा स्वतःच दूरदूरच्या गावांत फिरू लागला. "लेपावर विसंबू नका. आजारी गुरं वेगळी बांधा," असे सांगू लागला. तिकडे त्याला कोणी ओळखत नव्हते. लोक हळद वाटता वाटता हसत आणि म्हणत, "बाबा, तुम्ही काय त्या केरोबा वैद्यापेक्षा शहाणे?"

तात्पर्य: शेरा कोणाचा हे शोधत बसू नये, तो खरा आहे का ते आधी पाहावे, आणि न वाचता 'उत्तम' लिहिणाऱ्याने आपण कोणाचे भले केले असे समजू नये.