भिकीआयची उघाडी

ऐका बरं, आणि मध्येच बोलायचं नाही. ही गोष्ट आपल्या बावखारात खारं पाणी आणि खेकडे सोडून कोणीच राहत नव्हतं, तेव्हापासूनची.

फार वर्षांपूर्वी खाडीपल्याडच्या धन्यानं आपली माणसं इकडे वसायला धाडली. "समुद्रातून जमीन काढा, ती तुमची," म्हणाला. माणसांनी चिखल उपसून बांध घातला, बांधात उघाडी बसवली. उघाडी म्हणजे लाकडी दार. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं. ते सांभाळायची भिकीआय. पावसानं मीठ धुऊन नेलं, भात पिकलं, आणि धनी लागलाच की शब्द फिरवायला! आधी अर्धं भात मागितलं, मग जमीनच. विचारायला गेलेल्या पंचांना खांबाला बांधून फटके दिले. तेव्हा गाव म्हणालं, "आजपासून आम्ही तुझे नाही."

झाली लढाई सुरू. आपल्याकडे काय, गोफणी न् कोयते. तरी दोन पावसाळे धन्याच्या माणसांना किनाऱ्याला पाय लावू दिला नाही. शेवटी चिडून त्यानं पल्याडच्या घराघरांतून माणूस ओढला आणि फौज केली. म्हणजे आलं कोण? आपलेच मामे, मेव्हणे, चुलते. भिकीआयचा धाकटा भाऊ पदूसुद्धा भाला घेऊन त्यात होता.

फौज ओहोटीला उतरली आणि सपाट, कोरडी जागा बघून थेट भातशेतात तळ ठोकून बसली. बांधाआतली जमीन भरतीच्या पाण्याहून खाली असते, हे त्या पल्याडच्या डोंगरावर राहणाऱ्या लोकांना कुठलं ठाऊक!

पुनव होती. दुपारी उधाण येणार होतं. गावातले गडी पहारी घेऊन धावले. "फोडा बांध! बुडू देत सगळे!"

भिकीआय बांधावर त्यांना आडवी आली.

"भाऊ पाहिजे का गाव, ते सांग," गडी म्हणाले.

"दोन्ही पाहिजेत. जेवताना भात का कालवण असं विचारता होय रे? अरे, शेत खारवलं तर पाऊस धुईल. हे पाप कशानं धुवाल?"

गड्यांनी पहारी खाली ठेवल्या. मग तिनं स्वतःच्या हातानं उघाडी उचलली.

असं म्हणतात, की समुद्र दारात थांबला आणि त्यानं विचारलं, "बाये, किती येऊ?"

ती म्हणाली, "कमरेएवढा ये. माझा भाऊ जरा बुटका आहे."

आणि त्यानं ऐकलं! असं म्हणतात, की बाहेर उधाण बांधाच्या माथ्याला लागलं, पण शेतात कमरेवर थेंब चढला नाही. बंदुकीची दारू भिजली, पाय चिखलात रुतले. फौजेनं भाले टाकले, आपल्या लोकांनी दोर टाकून एकेकाला वर ओढलं आणि होडीत बसवून घरी धाडलं.

पुढं धन्यानं पुष्कळ थयथयाट केला, पण आपल्यावर चालून यायला पल्याडचं कोणी उठेचना. फौजेवाचून धनी कसला? बावखार सुटलं.

पण शेतं खारवली होती. लेकरं उपाशी निजायची, आणि आयाबाया भिकीआयच्या नावानं बोटं मोडायच्या. तिला वाईट वाटलंच असणार. तिनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी पल्याडून भातानं भरलेल्या होड्या आल्या. पहिल्या होडीत पदू होता. आपली शेतं गोडी होईपर्यंत ते भात येत राहिलं.

म्हणून जिंकल्याच्या दिवशी आपल्याकडे ढोल वाजत नाहीत. पल्याडच्यांना जेवायला बोलावतात. पानं मांडली की गावातली सगळ्यात म्हातारी बाई भिकीआयचं नाव घेते आणि पाहुण्यांना विचारते, "सगळे पोचलात का रे घरी?"

पाहुणे म्हणतात, "सगळे पोचलो, आये."

मगच वाढतात.